विश्लेषण : बोटे मोजू नका, चिमूट बघा! जन्मतः अविकसित अंगठा आणि वेळेवरची शस्त्रक्रिया

बाळ जन्मले की घरातले कुणीतरी त्याच्या हातापायांची बोटे मोजते. वीस भरली की सगळे निश्चिंत होतात. पण दहा बोटे असूनही हात अधुरा असू शकतो आणि एखादे बोट कमी असूनही तो उत्तम काम करू शकतो. काही मुलांचा अंगठा जन्मतः लहान किंवा लुळा असतो, तर काहींना तो नसतोच. त्यांच्याबाबतीत सर्वांत मोठी चूक होते ती ‘मोठा झाल्यावर बघू’ या एका वाक्यामुळे. हा दोष सौंदर्याचा नाही, कामाचा आहे. शिवाय कधी कधी तो शरीरात लपलेल्या गंभीर आजाराची पहिली खूण असतो. म्हणूनच त्याची तपासणी आयुष्याच्या पहिल्याच वर्षात व्हायला हवी आणि सरकारी तपासणीच्या तक्त्यातही त्याला जागा मिळायला हवी.

अंगठ्याला एवढे महत्त्व का?

हा मजकूर मोबाइलवर वाचताना स्क्रीन वर सरकवणारे बोट बहुधा अंगठाच असेल. बाकीची चार बोटे एका रांगेत वाकतात, अंगठा मात्र त्यांच्या समोर येतो. समोर येण्याच्या या एका हालचालीवर चिमूट आणि घट्ट मूठ उभी आहे. शर्टाचे बटण, पेन्सिल, किल्ली, भाकरीचा तुकडा मोडणे अशी सगळी कामे त्यातच आली.

कायद्यानेही हा हिशेब फार पूर्वी मांडला आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटते असे धरले होते. पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के, मधले बोट गेल्यास १२ टक्के आणि अनामिका किंवा करंगळी गेल्यास ७ टक्के. म्हणजे एक अंगठा दोन तर्जनींहून मोलाचा. पुढे ज्या शस्त्रक्रियेची माहिती येणार आहे, तिचे गणित याच आकड्यांत दडलेले आहे.

अविकसित अंगठा म्हणजे नेमके काय?

हा दोष दुर्मीळ आहे. वैद्यकीय साहित्यात साधारण एक लाख जन्मांमागे एक असा अंदाज दिला जातो. सौम्य दोषांची मात्र अनेकदा नोंदच होत नाही. जर्मन अस्थिशल्यचिकित्सक ब्लाउट यांनी १९६७ मध्ये या दोषाचे पाच प्रकार केले आणि आजही जगभर हीच विभागणी वापरली जाते.

पहिल्या प्रकारात अंगठा किंचित लहान असतो, कामात अडचण नसते आणि शस्त्रक्रिया सहसा लागत नाही. दुसऱ्या प्रकारात अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी अरुंद असते, अंगठ्याचा मधला सांधा ढिला असतो आणि बुडाचा मांसल भाग, म्हणजे हात बघणारे ज्योतिषी ज्याला शुक्राचा उंचवटा म्हणतात तो, सपाट असतो. तिसऱ्या प्रकारात यात भर पडते ती कमी वाढलेल्या हाडांची आणि कंडरांची. कंडरा म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणारी दोरी. चौथ्या प्रकारात अंगठ्याला हाडाचा आधारच नसतो, तो केवळ कातडीच्या देठावर लोंबतो. त्याला ‘तरंगता अंगठा’ म्हणतात. पाचव्या प्रकारात अंगठा नसतोच.

यातला तिसरा प्रकार सर्वांत अवघड. अमेरिकेतील हँड सर्जन पॉल मान्स्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन भाग केले. ‘३-अ’मध्ये अंगठ्याच्या बुडाचा, मनगटाजवळचा सांधा भक्कम असतो. ‘३-ब’मध्ये तो डळमळीत असतो किंवा नसतो. वरून दोन्ही अंगठे जवळपास सारखेच दिसतात, उपचार मात्र पूर्णपणे वेगळे आहेत.

असे का होते? ग्रहणाचा काही संबंध आहे का?

नाही. आजही अनेक घरांत ग्रहणाच्या वेळी गरोदर बाईला विळी-सुरी हातात घेऊ देत नाहीत आणि बाळाच्या बोटांत काही कमी निघाले की ‘ग्रहणात काहीतरी चिरले असशील’ असा ठपका तिच्यावर येतो. गर्भाच्या हाताचा कोंब चौथ्या आठवड्याच्या सुमारास फुटतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत बोटे वेगळी झालेली असतात. हाताचा आराखडा ठरायला लागतो तेव्हा बऱ्याच जणींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. पाचव्या-सहाव्या महिन्यात कांदा चिरल्याने अंगठा आखडत नाही.

बहुतेक वेळा एकच एक कारण सापडत नाही. काही मुलांत जनुकीय बदल असतो. काही औषधेही घात करू शकतात आणि त्याचे सर्वांत भीषण उदाहरण म्हणजे थॅलिडोमाइड. १९५७ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीत विक्रीला आलेले हे झोपेचे औषध गरोदरपणातील मळमळीवरही दिले जाऊ लागले. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये ते तिथल्या बाजारातून मागे घेतले गेले, तोवर जगभरात १० हजारांहून अधिक बाळे हातापायांचे आणि इतर दोष घेऊन जन्मल्याचा अंदाज आहे. गर्भधारणेनंतरच्या २० व्या ते ३६ व्या दिवसांत हे औषध घेतले गेले, तर धोका सर्वाधिक होता.

अंगठ्याआधी हृदय आणि रक्त का तपासायचे?

हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. हाताची अंगठ्याकडची बाजू घडते त्याच आठवड्यांत हृदय, मूत्रपिंड, मणके आणि अन्ननलिकाही आकार घेत असतात. त्यामुळे अंगठ्याचा दोष काही मुलांत एकटा येत नाही. होल्ट-ओरम या जनुकीय आजारात त्याच्या सोबतीला हृदयाचा दोष असतो. ‘व्हॅक्टर्ल’ नावाच्या दोषसमूहात मणके, गुदद्वार, हृदय, श्वासनलिका-अन्ननलिका, मूत्रपिंड आणि हातपाय यांपैकी अनेक अवयवांत बिघाड आढळतो.

सर्वांत फसवा आजार म्हणजे फँकोनी अ‍ॅनिमिया. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्वीदो फँकोनी यांनी १९२७ मध्ये त्याचे वर्णन केले. यात पेशींना आपल्या डीएनएची दुरुस्ती नीट करता येत नाही. पुढे, बहुतेकदा शाळेच्या वयात, अस्थिमज्जा रक्तपेशी तयार करणे थांबवू लागते. कर्करोगाचा धोकाही वाढतो. पण जन्मावेळी या मुलांच्या रक्ताची साधी तपासणी अगदी नॉर्मल येऊ शकते. बाहेरून दिसणारी खूण असते ती फक्त एक बारीकसा अंगठा.

म्हणून अशा बाळाची हृदयाची इको तपासणी, पोटाची सोनोग्राफी, रक्तातील पेशींची मोजणी आणि डॉक्टरांनी सांगितल्यास गुणसूत्रे तुटण्याची विशेष चाचणी शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी झाली पाहिजे. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी’ या केंद्रीय संस्थेत फँकोनी अ‍ॅनिमियावर संशोधन झाले आहे. आईवडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार बहुतेकदा होतो, त्यामुळे नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत असलेल्या कुटुंबांनी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये. आजार वेळेत कळला तर रक्तावर लक्ष ठेवता येते, अस्थिमज्जा प्रत्यारोपणाची तयारी करता येते आणि पुढच्या गरोदरपणात सल्लाही घेता येतो. अंगठा थोडा उशिरा दुरुस्त झाला तर नुकसान भरून निघू शकते. या तपासण्या राहून गेल्या तर ते भरून निघेलच असे नाही.

अंगठा दुरुस्त करायचा की नवा घडवायचा?

हे ठरते बुडाच्या सांध्यावरून. पाया नसलेला खांब कितीही मजबूत केला तरी भार घेत नाही, तसेच अंगठ्याचे आहे. बुडाचा सांधा भक्कम असेल, म्हणजे दोष दुसऱ्या किंवा ‘३-अ’ प्रकारचा असेल, तर आहे तोच अंगठा सुधारतात. बेचकीतील कातडीचे छोटे त्रिकोण करून ते अदलाबदलीने शिवतात आणि जागा रुंद करतात. मधल्या सांध्याचा ढिला अस्थिबंध घट्ट करतात. अंगठा समोर आणणारे स्नायू दुबळे असतात, म्हणून अनामिकेची एक कंडरा किंवा करंगळीच्या बाजूचा एक स्नायू उसना घेऊन अंगठ्याला जोडतात. यातली करंगळीच्या स्नायूची पद्धत ह्यूबर यांनी १९२१ मध्येच सांगितली होती.

उसन्या कंडरेची ही विद्या भारताला नवी नाही. डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कुष्ठरोगाने वाकडे झालेले हात याच तत्त्वावर पुन्हा कामाला लावले आणि जगभरातील शल्यचिकित्सकांना वाट दाखवली.

बुडाचा सांधाच नसेल, म्हणजे ‘३-ब’, चौथा किंवा पाचवा प्रकार असेल, तर जगभर बहुतांश तज्ज्ञ एकच उपाय सुचवतात. तो म्हणजे तर्जनीचा अंगठा करणे. वैद्यकीय भाषेत याला ‘पॉलिसायझेशन’ म्हणतात.

इथे एक्स-रेवर फार विसंबता येत नाही. अंगठ्याच्या बुडाशी असलेले मनगटाचे हाड तान्ह्या बाळात कूर्चेचे असते आणि कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर सांधा हाताने चाचपतात आणि बाळ खेळताना हात कसा वापरते हे शांतपणे बघतात. खाली-वर चाललेला हात अनेकदा फिल्मपेक्षा जास्त सांगून जातो.

तर्जनीचा अंगठा कसा होतो?

बोट कापून दुसरीकडे चिकटवले जाते, असा अनेकांचा समज असतो. तसे होत नाही. तर्जनी आपल्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंसह जिवंत ठेवूनच सरकवली जाते. तळहातातील तिच्या लांब हाडाचा बराच भाग काढून टाकतात आणि त्याचे फक्त टोक, म्हणजे मूठ वळल्यावर वर येणारी गाठ, ठेवतात. बोट मागे मनगटाकडे आणून साधारण १४० ते १६० अंशांतून फिरवतात, म्हणजे त्याचे पेर इतर बोटांच्या समोर येते. मग ते बाजूला झुकवून पक्के करतात.

ठेवलेली गाठ नव्या अंगठ्याच्या पायाचे हाड बनते. तिच्यातील वाढीची चकती मुद्दाम बंद केली जाते, नाहीतर अंगठा पुढे अवाजवी लांब होईल. हाडांचा हिशेबही नेमका जुळतो. अंगठ्याला पेरांची दोन आणि तळहातातले एक अशी तीन हाडे लागतात आणि तर्जनीत पेरांची तीन असतात. तर्जनीच्या मुळाचा सांधा अंगठ्याच्या बुडाचा सांधा होतो आणि पुढचे दोन सांधे अंगठ्याच्या पुढच्या दोन सांध्यांचे काम करतात. तर्जनीला आडवे हलवणारे स्नायू नव्या जागी जोडले, की ते अंगठा आत-बाहेर करतात.

या शस्त्रक्रियेला आजचे रूप दिले ते हॅम्बुर्गचे डॉ. डीटर बुक-ग्रामको यांनी. त्यांचा गाजलेला शोधनिबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. थॅलिडोमाइडमुळे अंगठ्याविना जन्मलेल्या मुलांवर उपचार करतानाच त्यांचा हात या कामात बसला होता.

‘पाच बोटे गेली’ त्याचे काय?

आईवडिलांचा पाय इथे अडतो आणि तो अडणे स्वाभाविक आहे. लोंबता का होईना, अंगठा आहे. तो काढायचा, वर चांगली तर्जनी हलवायची आणि मूल आयुष्यभर चार बोटांचे करायचे, हे कुणालाही पटकन पचत नाही. जपान आणि चीनसारख्या देशांतही पाच बोटांचा आग्रह मोठा आहे. म्हणूनच तिथे ‘३-ब’ प्रकारात पायाच्या दुसऱ्या बोटाचा सांधा हातावर बसवून अंगठा वाचवण्याची पद्धत वापरली जाते. ती शस्त्रक्रिया अधिक गुंतागुंतीची आहे. तिच्यात पायालाही किंमत मोजावी लागते आणि तयार झालेला अंगठा बहुधा कमी वळतो. तरीही तो पर्याय आहे आणि आईवडिलांना त्याची माहिती मिळालीच पाहिजे.

पण निर्णयाची मोजपट्टी बोटांची संख्या नसावी. न हलणारा, भार न घेणारा अंगठा बाळाचा मेंदू लवकरच बाद करतो. असे बाळ वस्तू तर्जनी आणि मधल्या बोटाच्या कात्रीत पकडू लागते आणि तर्जनी आपोआप थोडी वळू लागते. शरीराने एका परीने अंगठा निवडलेलाच असतो. शस्त्रक्रियेनंतर तर्जनीचे काम मधले बोट घेते. नीट जमलेला चार बोटांचा हात अनेकदा अनोळखी माणसाच्या पटकन लक्षातही येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मूल स्वतः संमती देऊ शकत नाही, मग त्याला मोठे होऊन ठरवू द्यावे का? अंगठा नसलेली मुले विलक्षण जुळवून घेतात हे खरेच आहे. शस्त्रक्रिया न करणे हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. पण तो तज्ज्ञांना भेटून, सगळे पर्याय समजून घेतलेला असावा. वाट बघता बघता वर्षे निघून जाणे हा निर्णय नव्हे.

योग्य वेळ कोणती?

बहुतांश तज्ज्ञ ही शस्त्रक्रिया साधारण सहा महिने ते दोन वर्षे या वयात करतात. नवव्या-दहाव्या महिन्याच्या सुमारास बाळ चिमटीत वस्तू पकडायला शिकते. पकडण्याच्या सवयी पक्क्या होण्याआधी नवा अंगठा मिळाला तर मूल तोच आपला मानून वापरते. मोठ्या वयातही शस्त्रक्रिया होते आणि चांगली होऊ शकते, दार कायमचे बंद होत नाही. मात्र तोवर कात्रीसारखी पकड अंगवळणी पडलेली असते आणि शाळा सुरू झालेली असते. आणखी एक साधा मुद्दा. पाच वर्षांखालील मुलांच्या आधारसाठी बोटांचे ठसे घेत नाहीत. पाचव्या वर्षी ते पहिल्यांदा द्यावे लागतात. त्याआधी उपचार झाले असतील, तर नोंद नव्या हाताचीच होते.

नंतर काय अपेक्षा ठेवावी?

हात काही आठवडे प्लास्टरमध्ये राहतो. त्यानंतर खेळणी, ठोकळे, मळलेली कणीक हीच मुख्य फिजिओथेरपी. कधी कधी कातडीचा एखादा भाग भरायला वेळ लागतो, रक्तप्रवाहाची अडचण येते, व्रण आखडतो किंवा पुढे आणखी एखादी कंडरा जोडावी लागते. नवा अंगठा निसर्गाच्या अंगठ्याइतका बळकट होत नाही. त्याची ताकद निम्म्याहूनही कमी राहू शकते. तर्जनी मुळातच ताठ असेल किंवा हाताचे रेडियस हे हाडही आखूड असेल, तर फायदा आणखी कमी मिळतो. हे आधीच सांगणारा डॉक्टर भरवशाचा समजावा. तरीही लिहिणे, बटण लावणे, डबा उघडणे या कामांत नव्या अंगठ्याने पडणारा फरक मोठा असतो.

सरकारी यादीत अंगठा का नाही?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशव्यापी सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा पथक येणे अपेक्षित आहे. त्याच्या आजारांच्या यादीत नऊ जन्मजात दोष आहेत. दुभंगलेले ओठ-टाळू, वाकडे पाऊल, निखळलेला खुबा, हृदयदोष, मोतीबिंदू, बहिरेपणा हे त्यातलेच. हाताचा एकही जन्मदोष मात्र तिथे नावाने नाही.

यामागचा तर्क समजण्यासारखा आहे. यादी करताना नेहमी आढळणारे आजार आधी घेतले जातात आणि अंगठ्याचा दोष दुर्मीळ आहे. पण इथे नव्या यंत्राची किंवा नव्या पथकाची गरज नाही. हाताकडे बघणे आणि ‘बाळ चिमटीत वस्तू धरते का’ असे विचारणे, एवढेच काम आहे. तक्त्यात एक ओळ वाढली, तर पथकातील डॉक्टर बाळाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतील. तिथून इको, सोनोग्राफी आणि हँड सर्जन हा रस्ता सुरू होईल. या एका ओळीतून एखाद्या मुलाच्या रक्ताचा आजारही वेळेत सापडू शकतो. यादी वाढवायला यापेक्षा मोठे कारण लागू नये.

खर्चाचा प्रश्नही उरतोच. अनेक खासगी विमा पॉलिसी ‘बाह्य जन्मजात दोष’ वगळतात, त्यामुळे पॉलिसीतील ते कलम आधी वाचावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. शस्त्रक्रिया योजनेत कोणत्या नावाखाली बसते, हे त्याला दाखल होण्यापूर्वीच विचारावे.

पालकांनी आज काय करावे?

बाळाचे दोन्ही अंगठे शेजारी धरून बघा. एक बारीक आहे का? त्याच्या बुडाचा उंचवटा सपाट आहे का? सांध्यावर सुरकुती नाही का? सुरकुती नसेल तर तो सांधा बहुधा वळत नाही. दहा महिन्यांच्या बाळासमोर, तुमच्या नजरेखाली, चार चुरमुरे ठेवा आणि ते कोणत्या बोटांनी उचलते ते बघा. शंका आली तर बालरोगतज्ज्ञांना चार प्रश्न विचारा: हृदय तपासले का, मूत्रपिंडे बघितली का, रक्ताची विशेष चाचणी लागेल का आणि अंगठ्याच्या बुडाचा सांधा आहे का? ‘मोठा झाल्यावर बघू’ असे उत्तर मिळाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला संकोच करू नका.